सर्व्हर बंद पडला तरी ॲप चालू कसं राहतं? हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर आणि स्टोरेजची संपूर्ण माहिती



रात्री अकरा वाजता तुम्ही यूपीआयवरून मित्राला दोनशे रुपये पाठवता आणि दोन सेकंदांत हिरवी टिक येते. त्याच वेळी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये एखाद्या मशीनचा पॉवर सप्लाय उडालेला असू शकतो, एखादी डिस्क मेलेली असू शकते. हार्डवेअर मरतंच. हजार सर्व्हर असतील तर त्यातलं काहीतरी रोज बिघडलेलं असतं. तरीही तुमच्या फोनवर काहीच जाणवत नाही, कारण मागे एक यंत्रणा काम करत असते. तिला म्हणतात हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर.

गेली काही वर्षं माझं काम याच क्षेत्रात आहे. या विषयावर मराठीत फारसं सोप्या भाषेत वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख. आणि अजून एक कारण आहे. पहिल्या नोकरीत मी स्वतः यात एक मोठा घोळ घातला होता. तोही सांगणार आहे, कारण हा विषय मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी समजला.

आधी थोडं व्हर्च्युअल मशीनबद्दल

एक मोठा सर्व्हर घ्या. समजा त्यात ६४ कोअर आणि ५१२ जीबी रॅम आहे. त्यावर एकच सॉफ्टवेअर चालवलं तर बहुतेक ताकद वाया जाते. म्हणून हायपरवायजर नावाचं सॉफ्टवेअर टाकून त्याच सर्व्हरचे वीस-तीस "खोटे" संगणक केले जातात. प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र मशीन आहोत. यालाच व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात. व्हीएमवेअर, केव्हीएम, हायपर-व्ही ही नावं ऐकली असतील. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स २००८ साली आलं. ते केव्हीएम वापरतं आणि ओपन सोर्स आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि लायसन्स कायमचं विकत देणं बंद करून वर्गणीवर आणलं. तेव्हापासून बऱ्याच जणांचा मोर्चा प्रॉक्समॉक्सकडे वळला. या लेखातली उदाहरणं मी त्यातलीच घेतली आहेत.

व्हीएमचा एक धोका लगेच लक्षात येईल. पूर्वी एक सर्व्हर पडला की एक काम थांबायचं. आता एक सर्व्हर पडला की तीस कामं एकदम थांबतात. सगळी अंडी एकाच टोपलीत! म्हणूनच व्हर्च्युअलायझेशन आलं की मागोमाग हाय अव्हेलेबिलिटी येते.

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे नेमकं काय?

तीन-चार सर्व्हर एकत्र बांधायचे. त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात आणि सगळ्यांना मिळून क्लस्टर. हे नोड सतत एकमेकांना "आहेस ना?", "आहे" असे छोटे संदेश पाठवत असतात. याला हार्टबीट म्हणतात. लिनक्सच्या जगात हे काम बहुतेक ठिकाणी कोरोसिंक नावाचं सॉफ्टवेअर करतं. एका नोडकडून काही सेकंद उत्तर आलं नाही, तर बाकीचे ठरवतात की तो गेला, आणि त्याच्यावरची व्हीएम दुसऱ्या नोडवर सुरू करतात.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. व्हीएम दुसरीकडे "सरकत" नाही, ती तिथे नव्याने बूट होते. तुमचा फोन अचानक बंद पडून परत सुरू होतो, अगदी तसंच. रॅममध्ये जे होतं ते गेलं. प्रॉक्समॉक्समध्ये नोड मेल्याचं ओळखून व्हीएम दुसरीकडे सुरू व्हायला साधारण दोन मिनिटं लागतात, आणि त्यावर व्हीएमचा स्वतःचा बूट होण्याचा वेळ. चालू व्हीएम न थांबवता हलवण्याची सोय वेगळी आहे, तिला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. पण त्यासाठी जुना नोड जिवंत असावा लागतो. मेलेल्या मशीनची रॅम कोण कॉपी करणार?

जाहिरातीत "९९.९९ टक्के अपटाइम" असं लिहिलेलं असतं. त्याचा हिशेब करून बघा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटं आणि ९९.९९९ टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटं. दोन मिनिटांचा एक फेलओव्हर म्हणजे पाच नऊवाल्याचा एक तृतीयांशाहून जास्त कोटा एका फटक्यात संपला!

खरी अडचण स्टोरेजची आहे

व्हीएम दुसऱ्या नोडवर सुरू करायची, ठीक. पण तिची हार्ड डिस्क कुठे आहे? ती मेलेल्या सर्व्हरच्या पोटात असेल तर बाकीचे नोड काय करणार? त्यामुळे क्लस्टरचा अर्धा विषय स्टोरेजचाच असतो. माझ्या मते अर्ध्याहून जास्तच.

जुना मार्ग म्हणजे शेअर्ड स्टोरेज. एक वेगळं मोठं कपाट, त्यात सगळ्या डिस्क, आणि सगळे सर्व्हर नेटवर्कने त्याला जोडलेले. याला सॅन म्हणतात. चांगलं चालतं, पण महाग. आणि ते कपाटच बंद पडलं तर सगळेच नोड हात चोळत बसतात. मोठ्या कंपन्या म्हणूनच कपाटात सगळं दोन-दोन ठेवतात. लहान ठिकाणी तेवढे पैसे नसतात.

दुसरा मार्ग, दोन सर्व्हरच्या डिस्क एकमेकांच्या आरशासारख्या ठेवायच्या. डीआरबीडी हे सॉफ्टवेअर हेच करतं. फिलिप राइस्नर यांनी सुरू केलेलं हे काम २०१० मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत सामील झालं. (हेसुद्धा व्हिएन्नाचंच. तिथल्या पाण्यात काय आहे कोण जाणे!) यात तीन पद्धती आहेत. 'सी' पद्धतीत तुमचं लिखाण दोन्हीकडच्या डिस्कवर पोहोचल्याशिवाय "झालं" असं सांगितलंच जात नाही. 'ए' पद्धतीत आपल्या डिस्कवर लिहिलं आणि पलीकडे पाठवायला ठेवलं की झालं. 'ए' वेगवान, पण सर्व्हर नेमका त्या क्षणी मेला तर शेवटचं थोडं लिखाण हरवू शकतं. पैशांचा हिशेब असेल तर 'सी'च लावा.

मग कुणी विचारेल, एक सर्व्हर मुंबईत आणि दुसरा हैदराबादला ठेवला तर? अंतर सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या वर. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान सहा मिलिसेकंद, केबल वाकडी-तिकडी जाते त्यामुळे प्रत्यक्षात आणखी. सहा मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण चांगली सर्व्हरवाली एसएसडी तेच लिखाण मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात करते. डेटाबेस एकामागून एक हजारो वेळा लिहितो आणि दरवेळी थांबतो. ॲप रेंगाळायला लागतं. इथे भौतिकशास्त्रापुढे कुणाचं चालत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सेफ. सेज वाइल यांच्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या पीएचडीच्या संशोधनातून हे आलं, २००६ मध्ये त्यावरचा पेपर आला आणि २०१४ मध्ये रेड हॅटने त्यांची कंपनी विकत घेतली. नाव सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या जातीवरून आहे. बऱ्याच हातांनी काम करतं ना! यात डेटाचे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या वेगवेगळ्या नोडवर तीन प्रती ठेवल्या जातात. कुठला तुकडा कुठे आहे याची मोठी यादी कुठे सांभाळावी लागत नाही. क्रश नावाच्या गणिताने प्रत्येक जण स्वतःच ते काढू शकतो. एक डिस्क मेली की उरलेले सगळे मिळून हरवलेल्या प्रती पुन्हा तयार करतात.

किंमत मात्र मोजावी लागते. तीन नोडमध्ये प्रत्येकी ४ टीबी टाकलं तर एकूण १२, पण वापरायला मिळतात ४. तेही पूर्ण भरायचे नाहीत. एखादी डिस्क ८५ टक्के भरली की सेफ ओरडायला लागतं आणि ९५ ला लिहिणंच बंद करतं. फोनचं स्टोरेज फुल झाल्यावर कॅमेरा फोटो काढू देत नाही, तसं. फक्त इथे तीसही व्हीएम एकदम अडकतात.

माझा किस्सा : दोन्ही दिवे हिरवे

माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. आमचा एक ग्राहक होता तालुक्याच्या गावातली पतसंस्था. दोन सर्व्हर, मध्ये डीआरबीडी, वर पेसमेकर आणि कोरोसिंक, आणि त्यावर एक व्हीएम ज्यात संस्थेचं सगळं हिशेबाचं सॉफ्टवेअर. पावसात पाणी शिरलं तर, म्हणून एक सर्व्हर तळमजल्यावर आणि दुसरा पहिल्या मजल्यावर ठेवला होता. दोन्ही मजल्यांवर एकेक स्विच आणि त्यांना जोडणारी एकच केबल.

सेटिंग मी केलं होतं. क्लस्टर सुरू होताना दोन तक्रारी करत होता. एक, बहुमत नसेल तर काय करू? दोन, स्टोनिथ नाही, मी रिसोर्स सुरू करणार नाही. मी इंटरनेटवर शोधलं, दोन ओळी सापडल्या. पहिलीला 'इग्नोर', दुसरीला 'फॉल्स'. टाकल्या, तक्रार गेली, सगळं हिरवं झालं. मी खूश. केबल काढून टेस्ट केली का? नाही. सर्व्हर बंद करून केली होती, ती पास झाली होती.

काही महिन्यांनी रंगकामवाल्यांच्या हातून ती मजल्यांमधली केबल निसटली. वरच्या सर्व्हरला वाटलं खालचा मेला. त्याने आपल्याकडची डिस्कची प्रत घेऊन तीच व्हीएम सुरू केली. खालचा तर चालूच होता, त्याला वाटलं वरचा मेला. दोघांनाही आपणच एकटे उरलो असं वाटत होतं आणि दोघेही इमानदारीत काम करत होते. खालचे काउंटर खालच्या व्हीएमवर लिहीत होते. वर पिग्मी एजंट रोजचा भरणा जमा करायचे, ते वरच्या व्हीएमवर. जवळजवळ दोन तास. कुणाची एकही तक्रार नाही, कारण कुणाचंच काही अडलं नव्हतं! वरच्या मजल्याचं इंटरनेट गेलं म्हणून नेटवर्कवाल्याला बोलावलं, त्याने केबल खोचली, आणि मग खरा गोंधळ झाला.

दोन्ही सर्व्हर एकमेकांना दिसले. पेसमेकरने बघितलं की एकच व्हीएम दोन ठिकाणी चालू आहे. त्याने दोन्ही थांबवून खालची तेवढी परत सुरू केली. पाच मिनिटांत मला फोन आला. वरच्या काउंटरच्या ताई होत्या. "दादा, सकाळपासूनच्या पिग्मीच्या सगळ्या एन्ट्र्या गेल्या. एजंट समोर उभे आहेत. मी त्यांना काय सांगू?"

लॉगमध्ये डीआरबीडीची ओळ होती: स्प्लिट-ब्रेन सापडलं, कनेक्शन तोडत आहे. मी परत इंटरनेटवर. उपाय एका ओळीचा होता. ज्या बाजूचा डेटा नको तिथे 'डिस्कार्ड-माय-डेटा' देऊन जोडा. मी वरच्या सर्व्हरवर ती कमांड टाइप केली. एंटर मारायच्या आधी सहज मागे बसलेल्या सीनियर सरांना म्हटलं, "सर, ही मारतो, होऊन जाईल." ते खुर्चीतून उठूनच आले. "कुणाचा डेटा फेकतोयस तू? विचारलंस का त्यांना?"

त्या कमांडने वरची प्रत खालच्यासारखी झाली असती, म्हणजे दोनशेच्या आसपास नोंदी कायमच्या गेल्या असत्या. सरांनी आधी वरच्या डिस्कची पूर्ण कॉपी बाहेर काढायला लावली. ती वेगळ्या मशीनवर उघडून आम्ही त्या दोन तासांच्या नोंदी छापल्या आणि मग ताईंनी एजंटांच्या पावतीपुस्तकांशी ताडून रात्री साडेनऊपर्यंत एकेक नोंद पुन्हा भरली. मी शेजारी बसून वाचून दाखवत होतो. दोन्ही व्हीएमनी पावती क्रमांक एकाच आकड्यापासून पुढे मोजले होते, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन-दोन पावत्या दोन वेगळ्या माणसांच्या हातात गेल्या होत्या. त्या सुधारायला पुढचा आठवडा गेला. त्यात एका भाजीवालीचे दिवसाचे पन्नास रुपये होते. तिची पावती खरी होती आणि आमच्या सर्व्हरवर तिची नोंद नव्हती.

क्वोरम आणि फेन्सिंग

मी ज्या दोन तक्रारी गप्प केल्या, त्यांचा अर्थ आता बघू.

नोडला समोरून उत्तर येत नाही, याचे दोन अर्थ असू शकतात. समोरचा मेला, किंवा मधला रस्ता तुटला. आतून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखेच दिसतात, त्यांतला फरक कळण्याचा कुठलाही मार्ग त्याच्याकडे नसतो. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

पहिला उपाय क्वोरम, म्हणजे बहुमत. ग्रामपंचायतीच्या सभेला गणपूर्ती लागते ना, तसं. तीन नोडचा क्लस्टर असेल तर दोन मतं हवीत. केबल तुटून दोघं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला राहिला, तर दोघं काम चालू ठेवतात आणि एकटा स्वतःहून थांबतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बहुमत मिळणं शक्यच नाही. म्हणून नोड विषम संख्येत घेतात. चार नोडला तीन मतं लागतात, म्हणजे चारातला एकच गेलेला चालतो, तीन नोडइतकंच. चौथ्याने ताकद वाढते, पण सहनशक्ती वाढत नाही.

दोन नोडला मात्र हे गणित बसत नाही. एक गेला की उरलेल्याकडे एकच मत, आणि ते बहुमत नव्हे. यावर स्वस्तातला मार्ग आहे. क्यूडिव्हाइस नावाची सोय वापरून एखाद्या छोट्या मशीनला, अगदी रास्पबेरी पायलासुद्धा, फक्त तिसऱ्या मताचा अधिकार द्यायचा. ते व्हीएम चालवत नाही, फक्त हात वर करतं. पतसंस्थेत आम्ही नंतर हेच लावलं, आणि दोन मजल्यांमध्ये दुसरी केबल दुसऱ्या वाटेने टाकली.

दुसरा उपाय फेन्सिंग. बहुमत गेलेला नोड थांबेल हे ठीक, पण तो हँग झालेला असेल तर? दोन मिनिटांनी जागा होऊन डिस्कवर लिहायला लागला तर? म्हणून त्याची व्हीएम दुसरीकडे सुरू करण्याआधी त्याला खात्रीने बंद करायचं. लिनक्सवाल्यांनी याला स्टोनिथ नाव दिलं, म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड', समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला. नाव भयंकर आहे, पण काम नेमकं तेच. सर्व्हरमध्ये रिमोटने पॉवर बंद करणारी छोटी वेगळी चिप असते, तिला सांगून वीज कापायची.

प्रॉक्समॉक्स हेच उलट बाजूने करतं. प्रत्येक नोडमध्ये वॉचडॉग नावाचा टायमर असतो. नोड ठीक असेल आणि बहुमतात असेल तोवर तो टायमर पुन्हा पुन्हा मागे फिरवत राहतो. ६० सेकंद फिरवला नाही की मशीन जबरदस्तीने रीसेट. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलटला ठरावीक वेळाने बटण दाबावं लागतं, नाही दाबलं तर आपोआप ब्रेक लागतो, त्यातलाच प्रकार. फेलओव्हरला लागणाऱ्या दोन मिनिटांतला मोठा भाग हा या थांबण्यातच जातो. "एवढा वेळ का?" म्हणून तो कमी करायचा मोह होतो. नका करू.

मोठ्यांचंही होतं

हे फक्त तालुक्याच्या गावात होतं असं नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये नेटवर्कचं एक उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर फक्त ४३ सेकंद तुटलं. त्यांच्या क्लस्टर सॉफ्टवेअरकडे क्वोरम होता. उरलेल्यांनी बहुमताने ठरवून डेटाबेसचं नेतृत्व पश्चिम किनाऱ्यावर हलवलं. पण पूर्वेकडे त्या आधीच्या काही सेकंदांत झालेलं लिखाण पश्चिमेला पोहोचलेलं नव्हतं, आणि पश्चिमेने नवं लिहायला सुरुवात केली होती. दोन्हीकडे वेगळा डेटा. त्यांनी एकही बाजू फेकायची नाही असं ठरवलं. सेवा २४ तास ११ मिनिटं अडखळत चालली.

त्यांचा स्वतःचा जाहीर अहवाल वाचताना मला त्या ताई आठवल्या. फक्त इथे पावतीपुस्तकं नव्हती.

म्हणजे क्वोरम असूनही स्टोरेजची प्रत मागे असेल तर गोंधळ होतोच. नेतृत्व कुणाकडे आणि ताजा डेटा कुणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

याला बॅकअप समजू नका

फोनवर गुगल फोटोजमधून एखादा फोटो डिलीट केलात की तो क्लाउडवरूनही जातो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे तिथे समजतं. डीआरबीडी आणि सेफचंही तसंच. कुणी चुकून टेबल उडवलं किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर ते सगळ्या प्रतींवर तितक्याच इमानदारीने पोहोचतं. बॅकअप वेगळ्या मशीनवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत, आणि महिन्यातून एकदा तो प्रत्यक्ष उघडून बघायचा.

स्वतः करून बघायचं असेल तर

१६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन व्हीएम करा, प्रत्येकात प्रॉक्समॉक्स टाका (डाउनलोड मोफत आहे) आणि तिघांचा क्लस्टर बनवा. आत चालवायला एखादी अगदी छोटी लिनक्स व्हीएम घ्या. तीन नोडवर सेफ टाकलं तर लॅपटॉप रडेल, पण चालेल. कोरोसिंकला मात्र स्टोरेजपासून वेगळं नेटवर्क कार्ड द्या. डेटाच्या गर्दीत हार्टबीट अडकली की धडधाकट नोडसुद्धा मेलेला ठरतो, हा नवशिक्यांना सगळ्यात जास्त नडणारा प्रकार आहे.

मग एका नोडचं नेटवर्क सेटिंगमधून 'केबल कनेक्टेड'ची टिक काढा. सर्व्हर बंद करू नका, केबलच काढा. घड्याळ लावा आणि उरलेल्यांपैकी एकावर 'पीव्हीईसीएम स्टेटस' ही कमांड द्या. 'क्वोरेट'समोर 'यस' दिसेल. तीच कमांड एकट्या पडलेल्या नोडवर द्या, तिथे 'नो' दिसेल. त्या नोडवर एचएमध्ये घातलेली व्हीएम चालू असेल, तर साधारण मिनिटभराने तो नोड तुमच्या डोळ्यांसमोर स्वतःला रीसेट करेल आणि थोड्या वेळात व्हीएम दुसरीकडे उभी राहील. किती सेकंद लागले ते मला कमेंटमध्ये सांगा.